सहाचा फोन

१० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तूही ठीक असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मला ठाऊक काहीच नाही.

हे पत्र लंबू तुझ्या हातात देईल. तू नंबर बदललास तेव्हापासून मी त्याच्यामागे लागले होते. नंबर त्याने दिला नाही. पत्ता मागितला, तोही नाही. म्हणाला, "ताई, त्याने गळ्याची शपथ घातलीय. पण दर आठवड्याला माझा ट्रक तिकडे जातो. लिहून द्या, पोचवतो. पत्र नको असलं तर फाडता येतं. फोन एकदा कानाला लावला की ऐकावंच लागतं." शाळेत तुझ्या शेजारी बसून तुझी उत्तरं उतरवणारा हा मुलगा एवढं शहाणं बोलायला कधी शिकला?

माझं काम तेच आहे. लोक काचेपलीकडे बसून माईकवर पुस्तकं वाचतात, मी अलीकडे बसून रेकॉर्डिंगमधले त्यांचे श्वास कापते. चुकलेला शब्द काढते, मागच्या पानातून तोच शब्द उचलून तिथे बसवते. सांधा कळला नाही की काम चांगलं झालं. स्टुडिओचे नवे मालक म्हणतात, तुमचा हात हलका आहे. एवढंच म्हणतात.

तुझ्या खोलीत आता आईचा पलंग आहे, कारण तिथून न्हाणीघर जवळ पडतं. तुझं टेबल टाकलेलं नाही. उभं करून भिंतीला लावलंय.

वरच्या मजल्यावर एक काका राहायला आलेत. निवृत्त झाले, मग बायको गेली, मग पक्ष्यांच्या नादी लागले. हातभर लांब भिंगाचा कॅमेरा आहे. मागच्या झाडात एक तपकिरी पक्षी असतो, मुठीएवढा. काकांनी एक मोबाईल दोरीने फांदीला बांधलाय. त्यात त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याची साद वाजते आणि हा धावत येतो. काका फोटो काढतात, त्यांच्या ग्रुपवर टाकतात. लोक बदाम पाठवतात. जिन्यात भेटले की मला दाखवतात. फोटो खरंच सुंदर असतात. पिसं फुगवलेली, चोच उघडी, डोळ्यात चमक. "बघा, कसा ऐटीत बसतो माझ्यासाठी," म्हणतात.

आता आईबद्दल. तिची दृष्टी गेली. डाव्या डोळ्याला खिडकी कुठे आहे एवढं कळतं, बस्स. साखरेने आधी डोळे घेतले, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात यंत्राला जोडतात. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. ती त्याला लाँड्री म्हणते. परवा डॉक्टरांना म्हणाली, "इस्त्री पण करून द्या, सुरकुत्या जातील." डॉक्टर तिला घाबरतात.

बाकी ती आनंदात असते. विशेषतः संध्याकाळी. सहाच्या फोननंतर दोन घास जास्त जातात. तुझा आवाज ऐकला की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऐकला तर होईल, असं मला म्हणायचं होतं.

एकदा फोन कर. घरचा नंबर बदललेला नाही. मोठं काही बोलायला नको. तिकडे ऊन आहे की पाऊस, तेवढं सांगितलंस तरी चालेल. पावसाचं नको. दुसरं काहीतरी बोल.

तुझी,
ताई

•

२४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

लंबू म्हणाला, तू पत्र घेतलंस, खिशात ठेवलंस, त्याला चहा पाजलास आणि डिझेलच्या भावावर बोलत बसलास. त्याच्यासमोर फाडलं नाहीस. मी तेवढ्यावर हे दुसरं लिहिते आहे.

आई यंत्रावर जायला नाही म्हणते. गेल्या आठवड्यात एकदा नाही म्हणाली, मला वाटलं थकली असेल. आज पुन्हा तेच. गाडी दाराशी उभी होती. मी तिच्या पायात चपला घालत होते, तिने पाय मागे घेतले. "मला नको," म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असंच चाललं तर पाणी छातीत चढेल, मग हातात फार दिवस उरणार नाहीत. जबरदस्ती करता येत नाही. तिचं डोकं ठिकाणावर आहे, तिचा शब्द चालतो.

ती का नाही म्हणते ते मला कळलंय, असं मला वाटतं. ते सांगायचं तर आधीचं सांगायला हवं. मागच्या पत्रात मी ते टाळलं. ऐकायचं नसेल तर इथेच फाड.

गेल्या वर्षी ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा डोळे नुकतेच गेले होते. सकाळ की संध्याकाळ कळायचं नाही. तिने मला तुझे जुने निरोप लावायला सांगितले. तू टाईप करायला पहिल्यापासून आळशी, दोन ओळींचा निरोपही बोलून पाठवायचास. ते सगळे तिच्या मोबाईलवर होते. मी एक लावला. "आई, जेवलीस का? इकडे नुसता पाऊस आहे. छत्री हरवली माझी. तू औषध घे वेळेवर." ती उठून बसली आणि म्हणाली, "अरे, मग दुसरी घे ना छत्री. बोल, कसा आहेस?"

मी शेजारीच होते. आई, हे जुनं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला तिने विचारलं, "आज केला नाही त्याने?"

तेव्हापासून रोज सहाला मी करते. कामावरून येते, तिला चहा देते, वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागच्या गॅलरीत जाते, दार लोटते आणि माझ्या मोबाईलवरून घरचा नंबर लावते. लॅपटॉपमधून तुझा आवाज वाजवते. तिचं बोलणं मला दोनदा ऐकू येतं. आधी भिंतीतून, मग फोनमधून, जरा मागे राहून. ती काय म्हणते ते ऐकून मी पुढचा तुकडा निवडते. सुरुवातीला अख्खे निरोप लावायचे. ते पुरेनात, तशी कापायला लागले. "हो." "नाही गं." "बरं." तुझं हसू. "ठेवतो आता." प्रत्येकाला नाव देऊन ठेवलं, म्हणजे पटकन सापडेल. श्वास कापले नाहीत. पुस्तकातले कापते, तुझे ठेवले. श्वासाशिवाय तिला लगेच कळलं असतं.

एकदा तिने विचारलं, "तुझ्या तिकडे बारा महिने पाऊस कसा रे? आणि छत्री घेतलीस की नाही अजून?" मी दोरीवरचा टॉवेल तोंडात कोंबून हसले. खरं सांगते, ते दिवस चांगले होते. हे मी तिच्यासाठी करते, असं स्वतःला सांगत होते. पण सुट्टीच्या दिवशी दुपारपासून घड्याळाकडे मी बघायचे, ती नव्हे. तू माझ्याशीही बोलेनासा झालास, धाकट्या. मी तुला काय केलं होतं?

मग तुला पहिलं पत्र गेलं त्याच आठवड्यात ती माफी मागू लागली.

काय झालं होतं ते तुला सांगायची गरज नाही. पण तिची बाजू तू ऐकली नाहीस. मी गॅलरीत उभी राहून ऐकली. ती म्हणाली, "बाळा, तुझं काम सुटलं, तू बायकोला सांगितलं नाहीस, रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसायचास. हे तू मला रडत रडत कळवलंस. मला ते कुणाला नीट सांगता आलं नसतं. मी बोलण्यात कच्ची. म्हणून तुझंच बोलणं उचलून घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. मामाचा एवढा कारखाना, म्हटलं ऐकेल, कुठेतरी चिकटवेल तुला. त्याची पोरं ते बाहेर पाठवतील असं कुठे वाटलं? तुझ्या रडण्याला कुणी मागे गाणं लावेल, असं कुणाच्या मनात तरी येतं का?"

तुझ्या बायकोने ते कुणाच्या मोबाईलवर ऐकलं, गाण्यासकट, आणि ऐकवणारी आधी किती हसली, हे मी आईला कधी सांगितलेलं नाही. तेही तू सांगणार असशील तर सांग. मला जमलं नाही.

"केलंस ना माफ?" असं तिने विचारलं. त्याचा तुकडा माझ्याकडे नव्हता. मी "ठेवतो आता" वाजवलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच वाजवलं. रोज ती विचारायची आणि रोज तू फोन ठेवायचास. तिचं जेवण तुटलं. मला म्हणाली, "त्या विषयावर आलं की पळतो गं तो. लहानपणापासून असाच."

मग एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी स्टुडिओत बसून ते तयार केलं. "माफ केलं. जाऊ दे, आई." संध्याकाळी वाजवलं.

हे एवढं लिहायला मला इतकी पानं लागली. तुझ्या आवाजात, तुला न विचारता, मी तिला माफ केलं.

भिंतीतूनही काही आलं नाही, फोनमधूनही नाही. मग म्हणाली, "ठेव, बाळा." मी आत गेले तेव्हा रिसीव्हर तिच्या हातातच होता. मी काढून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज त्याला नको म्हणून सांग. मी म्हटलं, तो फोन करतो, मी कसं सांगणार? "सांग तू," म्हणाली. मी त्या दिवशी लावला नाही, त्यानंतरही नाही. आणि पुढच्या वाराला ती यंत्रावर गेली नाही.

मला जे कळलंय ते हे. ती माफीसाठी थांबली होती. ती मी दिली. आता तिला थांबायला काही उरलं नाही. म्हणजे मी तिला मारते आहे, आणि तेही तुझ्या आवाजात.

तू ये. येता येत नसेल तर फोन कर. मी माफ केलेलं नाही, ताई खोटं बोलली, असं सांगायला कर. भांडायला कर. तू भांडलास तर ती उत्तर द्यायला तरी जगेल, तिला ओळखतोस तू. आज मी तिचे पाय धरले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "केस किती गळलेत तुझे." त्यापुढे काय करायचं ते मला माहीत नाही.

ताई

•

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

लंबूचा ट्रक परवा निघायचा होता. मी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. माझ्याकडे बघून म्हणाला, आजच निघतो. खाली माल भरणं चाललंय, तोवर लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिलेलं कारण चूक होतं.

आईला आता आडवं पडवत नाही, दम लागतो. काल हवा हवी म्हणाली, म्हणून मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं. मी जिथून फोन करते तिथेच. झाडात काकांचा मोबाईल वाजत होता. तिने मान कलती केली.

"दोघं भांडतायत का गं?"

"हो. दोन पक्षी आहेत."

"त्यातला एक खोकतो."

मी तिची शाल सारखी केली.

"गातो, गातो आणि खोकतो. माणसासारखा. परत पहिल्यापासून गातो, परत तिथेच खोकतो. त्या वरच्यांना हाक मार."

काका वरच्या गॅलरीतून वाकले. कॅमेरा गळ्यात.

"काय आजी, कसं वाटतंय?"

"माझं राहू द्या. तुमच्या पक्ष्याला खोकला झालाय. काहीतरी औषध द्या त्याला."

आधी त्यांना कळलं नाही. मग हसले. "रेकॉर्डिंग आहे ते, आजी. ज्याने केलं तो खोकला असेल. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही."

"पक्ष्याच्या लक्षात येत नाही, तेवढं तुम्हाला बास."

"अहो, तो आपणहून येतो. मी त्याला बोटसुद्धा लावत नाही."

"येणारच. दारात येऊन दुसरा कुणी ओरडला तर कोण घरात बसेल? इथे घरटं असेल त्याचं."

"आहे ना. तुमच्याच पाइपामागे. पिल्लं आहेत. त्यांचे फोटो मी टाकत नाही हं. जागा सांगत नाही कुणाला. तेवढे नियम पाळतो मी."

"मग त्या पिल्लांना भरवतं कोण? हा तर दिवसभर तुमच्या मोबाईलशी भांडतो."

काका जिना उतरून खाली आले, मागच्या अंगणात स्टूल ठेवून चढले आणि मोबाईल सोडवला. दोरी तशीच राहिली. उतरल्यावर आमच्या गॅलरीखाली थांबले. म्हणाले, "काय करू आजी. हाक मारल्यावर येणारं दुसरं कुणी नाही मला."

"कळतं हो," आई म्हणाली. "संध्याकाळी चहाला या. आमच्याकडे फोन येत नाही आता. सहाला मोकळ्या असतो आम्ही."

ते गेले. तिने तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला लागलेले.

मी विचारलं, "आई, कधी कळलं?"

"छत्रीचं विचित्र वाटायचं. मी मनाला म्हणायचे, असेल पाऊस. असतो काही ठिकाणी." तिला बोलताना थांबावं लागतं. मी दिवसभर लोकांचे श्वास कापते आणि काल तिच्या प्रत्येक श्वासाची वाट बघत बसले होते. मग ती म्हणाली, "त्या दिवशीचं 'माफ' कुठून काढलंस?"

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुझ्या सगळ्या निरोपांत तो शब्द एकाच ठिकाणी होता. बागेतल्या त्या निरोपात, अगदी शेवटी. "आई, मला माफ कर." मी दुसरीकडे खूप शोधला. तू एरवी तो शब्द वापरतच नाहीस. मग तिथून उचलला, आधीच्या श्वासासकट, कारण श्वास तोडला की सांधा कळत होता. "केलं" कुठल्यातरी बिलाच्या निरोपातलं. "जाऊ दे" क्रिकेटच्या.

मी तिला सांगितलं. ती मान हलवत होती.

"तो श्वास मला पाठ आहे," म्हणाली. "नाक ओढतो आणि मग म्हणतो. डोळे होते तेव्हा रोज ऐकायचे मी ते. ते त्याने माझ्याकडे मागितलं होतं गं. तू तेच मला दिलंस."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने या वेळी केसांवरून हात फिरवला नाही.

"पोराने माझ्याकडे माफी मागितली, काम सुटलं म्हणून, लपवलं म्हणून. एक शब्द बोलायचा होता. 'अरे, त्यात काय' म्हणायचं होतं. मी ते पुढे पाठवलं." तिने दम घेतला. "आणि मला वाटत होतं की तो रोज बोलतो माझ्याशी. तो तर बोललाच नाही. मग मी सकाळी कुणासाठी उठत होते? रक्त धुऊन घेत होते ते कुणासाठी?"

तू माझ्यासाठी उठ, असं म्हणायला हवं होतं मी. मला वाटतं, म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, हे तरी तुझंच आहे ना?

मी म्हटलं, "आई, मी काय करू? तू सांगशील ते करते."

"पुसून टाक ते सगळं."

मी लॅपटॉप तिच्या पायाशी घेऊन बसले. ती म्हणाली, मोठ्याने सांग, मला दिसत नाही. मग मी नावं वाचत गेले. छत्री, पुसली. जेवलीस का, पुसलं. हो, पुसलं. बरं, पुसलं. ठेवतो आता, पुसलं. हसू आलं तेव्हा तिने हात वर केला. मी थांबले. एकदा लावू का, विचारलं. तिने बराच विचार केला आणि नको म्हणाली. हसू, पुसलं. मग तिच्या मोबाईलवरचे अख्खे निरोप, आणि शेवटी तो बागेतला. बाहेर तो अजून गाण्यासकट फिरत असेल. तो आपल्या हातात नाही. घरातला गेला.

"आता यंत्रावर चलशील?" मी विचारलं.

"परवा सहापर्यंत बघते."

"काय बघतेस?"

"त्याला द्यायचं ते माझ्याकडे राहिलंय. निरोपात घालून पाठवणार नाही. एकदा पाठवून बघितलं, पुरे झालं. तो पलीकडे असेल आणि ऐकत असेल तर देईन." मग म्हणाली, "आणि तुझ्या हातात तर मुळीच देणार नाही. कापून ठेवशील."

ती हसली. हसण्याने दम लागला, मग खोकला. मी पाठ चोळत राहिले. पाठीचं एकेक हाड हाताला लागतं आता.

आज सकाळी पक्षी आला. रिकाम्या दोरीशेजारी बसला. दोनदा ओरडला, थांबला, वाट बघितली. मग पाइपाकडे गेला. मी आईला सांगितलं.

"गेला ना घरी?"

"गेला."

"बरं झालं."

खाली लंबू हॉर्न देतोय, म्हणून आता फक्त कामाचं लिहिते. तो उद्या दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेल. हे पत्र देऊन जाणार नाही, थांबणार आहे. त्याचा मोबाईल तुझ्या हातात देईल, आमचा नंबर त्यात आहे. डॉक्टरांनी परवा सकाळचं यंत्र तिच्यासाठी राखून ठेवलंय. त्यानंतरचं ते काही बोलत नाहीत.

तुला माफ करायचं नसेल तर करू नकोस. ते मी तुझ्या तोंडातून घेतलं होतं, ते परत घे. तुला तिच्याशी बोलायलाही नको. फक्त पलीकडे राहा. ती बोलेल तेवढं ऐक. तिला तुझा श्वास ऐकू आला तरी कळेल.

उद्या सहाला ती फोन मांडीवर घेऊन बसणार आहे. मला शेजारी बसायला सांगितलंय, तिच्या हातात हात देऊन. म्हणाली, "तुझा हात माझ्या हातात असला म्हणजे गॅलरीत तू नाहीस, एवढं तरी मला कळेल."

मी हात देऊन बसेन. फोन वाजला तर उचलायलाही माझा हात मोकळा नसेल, तीच उचलेल. वाजला नाही तर वाजवायला माझ्याकडे काही नाही. तुझा आवाज आता फक्त तुझ्याकडे आहे.

ताई